शेतजमिनीचा झोन बदलून व्यवसाय उभारताना: कोणते काम आधी, कोणते नंतर

विदर्भाच्या ग्रामीण भागात शेतावर गोदाम, दालमिल, धाबा किंवा निवासी पर्यटन केंद्र उभारायचे ठरले की अनेकांच्या कामाची सुरुवात उलट्या टोकाकडून होते. आधी इसार होतो, मग मुरूम टाकून जागा सपाट केली जाते, ग्रामपंचायतीचे ना-हरकत पत्र फाइलला लागते आणि अगदी शेवटी, कर्जासाठी बँक झोन दाखला मागते तेव्हा, जमीन शेती झोनमध्ये, म्हणजे नियोजनाच्या नकाशात शेतीसाठी ठरवलेल्या भागात, असल्याचे कळते. तोपर्यंत पैसा अडकलेला असतो. जागेवर भराव किंवा बांधकाम झालेले असेल, तर प्रकरण विनंतीचे न राहता अनधिकृत वापराचे होऊन बसते.

झोन बदलणे, जमीन अकृषिक होणे आणि बांधकाम परवानगी मिळणे या तीन स्वतंत्र बाबी असून त्यांचे कायदेही वेगळे आहेत. झोनचा विषय महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ खाली येतो, तर अकृषिक वापराचा विषय महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ खाली येतो. एकीची कागदपत्रे दुसरीच्या जागी चालत नाहीत, आणि खाली दिलेला क्रम त्यासाठीच आहे.

## १. आपला खसरा कोणत्या योजनेखाली येतो ते आधी ठरवा

जिल्हा एकच असला तरी शेजारच्या दोन गावांना वेगवेगळी पद्धत लागू असू शकते. म्हणून सातबारा, गाव नकाशा आणि खसरा किंवा गट क्रमांक घेऊन जिल्ह्याच्या ठिकाणच्या नगर रचना शाखा कार्यालयात अर्ज करावा आणि झोन दाखला व भाग नकाशा, म्हणजे योजनेच्या नकाशाचा आपल्या जमिनीपुरता उतारा, मागावा. उत्तर साधारणपणे पुढीलपैकी एक असते.

पहिली शक्यता अशी की गाव मंजूर प्रादेशिक योजनेत आहे. अशा ठिकाणी अधिनियमाचे कलम १८ लागू होते आणि योजनेशी विसंगत वापर करता येत नाही. झोनबदल हवा असल्यास तो कलम २० खाली राज्य शासनच करते.

दुसरी शक्यता अशी की जमीन विकास योजनेच्या हद्दीत आहे. नगर परिषदेच्या वाढीव हद्दीतील जमिनी आणि नागपूर शहराबाहेरील, नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या क्षेत्रातील ७१९ गावे या प्रकारात मोडतात. येथे फेरबदल कलम ३७ खाली होतो आणि प्रस्तावाची सुरुवात त्या नियोजन प्राधिकरणाकडून होते.

तिसरी शक्यता अशी की त्या गावाला कोणतीच मंजूर योजना लागू नाही. मग बदलायला झोनच नसतो. प्रकरण महसूल विभागाकडे अकृषिक वापराचे म्हणून जाते आणि नगर रचना विभाग केवळ अभिप्राय देतो. अशा गावातील माणसाने दलालाच्या सांगण्यावरून झोनबदलाचा खर्च करू नये.

याखेरीज ती जमीन एमआयडीसीच्या अधिसूचित क्षेत्रात, कोळसा खाणीसाठी अधिसूचित पट्ट्यात किंवा ताडोबा, पेंच, मेळघाटसारख्या क्षेत्रांभोवतीच्या पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्रात आहे का, हेही विचारावे. वणी आणि चंद्रपूर भागात कोळशाची बाब विसरून चालणार नाही, कारण संपादनाची अधिसूचना निघालेल्या जमिनीवर झोनबदलाचा प्रस्ताव टिकत नाही.

तपासणी: झोन दाखल्यावर मौजा, तालुका, खसरा क्रमांक आणि क्षेत्र सातबाऱ्याशी तंतोतंत जुळते का ते त्याच दिवशी पाहावे. एका खसऱ्यातून योजनेचा रस्ता जात असेल किंवा खसरा दोन झोनमध्ये विभागला असेल, तर ते दाखल्यापेक्षा भाग नकाशावर अधिक स्पष्ट दिसते. म्हणून भाग नकाशाशिवाय नुसता दाखला घेऊ नये.

## २. झोनबदल खरोखर लागतो का?

या प्रश्नाचे उत्तर न शोधताच अर्ज केल्यामुळे अनेकांची वर्षे वाया जातात, असे माझे स्पष्ट मत आहे. डिसेंबर २०२० मध्ये लागू झालेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत, जिला सगळे यूडीसीपीआर म्हणतात, शेती झोनमध्येही काही व्यवसाय अटींसह अनुज्ञेय आहेत. शेतमालावरील प्रक्रिया, गोदाम, शीतगृह, पेट्रोलपंप, मंगल कार्यालय आणि शाळा किंवा रुग्णालय यांसारखे वापर त्यात येतात. त्यांना झोनबदल लागत नाही. भूखंडाचे किमान क्षेत्र, रस्त्याची रुंदी, बांधकामाचे प्रमाण आणि सोडावयाचे अंतर यांच्या अटी मात्र पाळाव्या लागतात.

समजा, वरूड तालुक्यातील दोन बागायतदारांना व्यवसाय करायचा आहे. पहिल्याला संत्र्याचे ग्रेडिंग व वॅक्सिंग करून माल बाहेर पाठवायचा आहे, तर दुसऱ्याला त्याच रस्त्यावर टाइल्स व सॅनिटरी मालाचे विक्री दालन काढायचे आहे. पहिल्याने आपला वापर शेतमाल प्रक्रियेच्या तरतुदीत बसतो का, हे नगर रचना कार्यालयाकडून लेखी विचारून घ्यावे. तसे उत्तर मिळाले तर त्याचा मार्ग शेती झोनमधील अनुज्ञेय वापराचा असेल. दुसऱ्याला झोनच्या प्रश्नाला सामोरे जावेच लागेल. पहिल्याने दुसऱ्याचे पाहून झोनबदलाचा अर्ज केला, तर त्याने सरळ रस्ता सोडून स्वतःहून लांबचा वळसा घेतला असे होईल.

विचारणा करताना "उद्योगासाठी जमीन वापरायची आहे" असे मोघम लिहू नये. कच्चा माल कोणता, यंत्रे कोणती, किती अश्वशक्तीची, किती कामगार, किती ट्रक आणि किती पाणी, हे लिहावे. मोघम प्रश्नाला मोघम उत्तर मिळते आणि पुढे त्याचा आधार घेता येत नाही.

खबरदारी: जमीन गावठाणापासून २०० मीटरच्या आत आहे, म्हणून कोणताही व्यवसाय करता येतो, हा समज चुकीचा आहे. ती तरतूद राहण्याच्या किंवा योजनेनुसार अनुज्ञेय वापराशी जोडलेली आहे. तिच्यामुळे झोन बदलत नाही.

## ३. इसारापूर्वी जमिनीची कुळकथा तपासा

झोन अनुकूल निघाला तरी जमीन हस्तांतरणीय नसेल तर पुढचे सगळे व्यर्थ जाते. चालू सातबारा पुरेसा नाही. जुने सातबारे, सगळे फेरफार आणि शक्य असल्यास बंदोबस्ताच्या, म्हणजे जुन्या जमीन आकारणीच्या, नोंदीपर्यंत मागे जावे. "इतर हक्क" या रकान्यातील एकेक ओळ वाचून तिच्या फेरफाराची प्रत काढावी.

भोगवटादार वर्ग २, म्हणजे हस्तांतरणावर निर्बंध असलेली, अशी नोंद असल्यास ती जमीन शासनाने कशासाठी दिली होती, हे शोधावे. सिलिंगची, शासकीय वाटपाची, भूमिहीनाला दिलेली आणि भूदानाची जमीन यांचे नियम एकसारखे नाहीत. यातल्या काही जमिनी जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीने आणि नजराणा भरून वर्ग १ मध्ये येऊ शकतात. भूदानाच्या जमिनीबाबत मात्र विक्रीचा विचारच आधी सोडावा आणि मग कागद पाहावेत, असे मी सांगेन.

जमीनधारक आदिवासी असल्यास जमीन महसूल संहितेचे कलम ३६ व ३६-अ लागू होते आणि बिगर आदिवासीकडे विक्रीसाठी जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी व शासनाची पूर्वमान्यता लागते. नातेवाइकाच्या नावाने करार करणे, ९९ वर्षांचा भाडेपट्टा लिहून घेणे किंवा कुलमुखत्यारपत्रावर भागवणे यांनी हा अडथळा दूर होत नाही.

विदर्भातील वाचकांनी आणखी एक चूक टाळावी. पश्चिम महाराष्ट्रात तयार झालेले करारांचे व अर्जांचे नमुने मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८ च्या कलमांवर लिहिलेले असतात. आपल्याकडे महाराष्ट्र कुळवहिवाट व शेतजमीन (विदर्भ प्रदेश) अधिनियम, १९५८ लागू आहे. बिगर शेतकऱ्याला शेतजमीन विकण्यावरचे बंधन त्याच्या कलम ८९ मध्ये आणि खऱ्याखुऱ्या औद्योगिक वापरासाठीची सवलत ८९-अ मध्ये आहे. इकडचे तिकडचे कलम लिहिलेला अर्ज त्रुटी काढून परत येतो.

झुडपी जंगलाचा, म्हणजे महसूल नोंदींत त्या नावाने दाखवलेल्या झुडपांच्या जमिनींचा, विषय पूर्व विदर्भापुरता, म्हणजे नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांत, विशेष महत्त्वाचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ रोजी या जमिनी वनजमिनीच आहेत असे ठरवले. आपले शेत खासगी असले म्हणून निश्चिंत होऊ नये. शेत आणि डांबरी रस्ता यांच्यामध्ये झुडपी जंगलाची अरुंद पट्टी असेल आणि ट्रक त्यावरूनच आत येणार असतील, तर त्या पट्टीसाठी वन कायद्याखालील मान्यतेचा प्रश्न उभा राहतो. सातबाऱ्यात हे कधीच दिसत नाही. गाव नकाशावर शेजारचे क्रमांक बघून त्यांचेही सातबारे काढले तरच दिसते. अमरावती विभागात शेजारी ई-क्लास, म्हणजे सरकारी पडीक किंवा चराईची, जमीन असेल तर तिचीही अशीच चौकशी करावी.

## ४. मोजणी, पांदण आणि पाणी

कागदावरचे क्षेत्र आणि जागेवरचे क्षेत्र यांत फरक निघणे नवीन नाही. भूमि अभिलेख कार्यालयाकडे मोजणीचा अर्ज करून क प्रत, म्हणजे मोजणीचा अधिकृत नकाशा, हाती घ्यावी आणि पुढचा प्रत्येक नकाशा तिच्यावर बेतावा. सातबाऱ्यावर १ हेक्टर ६२ आर आणि मोजणीत १ हेक्टर ५४ आर अशी तफावत निघाली, तर प्रस्ताव पाठवण्यापूर्वी ती मिटवावी. प्रस्तावात एक आणि मोजणीत दुसरे क्षेत्र असेल तर छाननीत पहिली त्रुटी तिथेच निघते.

रस्त्याबाबत लोक सर्वाधिक बेफिकीर असतात. वहिवाटीची पांदण म्हणजे व्यवसायाला चालणारा रस्ता नव्हे. ती गाव नकाशावर आहे का, तिची रुंदी किती आणि अतिक्रमण सोडून आज जागेवर किती उरली आहे, याची नोंद घ्यावी. निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज यांत त्या वाटेवर, नाल्यावर किंवा बोडीवर गावाचे हक्क लिहिलेले असू शकतात, म्हणून त्यांच्या प्रती तहसील कार्यालयातून काढाव्यात. जमीन राज्य किंवा राष्ट्रीय महामार्गाला लागून असल्यास प्रवेशमार्गाची परवानगी संबंधित रस्ते यंत्रणेकडून वेगळी घ्यावी लागते आणि रस्त्यापासून बांधकाम किती दूर ठेवायचे हे ठरवणाऱ्या इमारत रेषा व नियंत्रण रेषा नकाशावर दाखवाव्या लागतात. समृद्धी महामार्गाला जमीन लागून आहे, एवढ्यावर किंमत वाढवून मागणाऱ्यांचे ऐकू नये, कारण तो प्रवेश-नियंत्रित आहे आणि त्यावर थेट फाटक उघडता येत नाही.

पाण्याची तपासणी तीन बाजूंनी करावी. जमीन सिंचन प्रकल्पाच्या लाभक्षेत्रात आहे का, नदी-नाल्याच्या निळ्या किंवा लाल पूररेषेत येते का, आणि व्यवसायाला लागणारे पाणी कुठून आणणार? वरूड-मोर्शीसारख्या भूजलाचा अतिउपसा झालेल्या पट्ट्यात "बोअरवेल घेऊ" हे उत्तर स्वीकारले जात नाही. भंडारा-गोंदियाकडे मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या पाणलोटात किंवा पाटाच्या वाटेत भराव होणार असेल, तर गावाची हरकत येणार हे गृहीत धरावे आणि आराखडा आधीच बदलावा.

तपासणी: पावसाळ्यात एकदा जागेवर जाऊन पाणी कोणत्या बाजूने शिरते आणि कुठून निघते याची छायाचित्रे काढून ठेवावीत. सुनावणीत शेजारी शेतकरी हाच मुद्दा मांडतात, आणि उन्हाळ्यातील फोटोंनी त्याचे उत्तर देता येत नाही.

## ५. ग्रामसभेचा ठराव

ग्रामपंचायत झोन बदलू शकत नाही. सरपंचांच्या सहीचे पत्र ही परवानगी नाही आणि मासिक सभेचा ठराव म्हणजे ग्रामसभेचा ठराव नाही. तरीही मी हा टप्पा कधीच गाळणार नाही, कारण पुढे छाननीत गावाचे म्हणणे विचारले जाते आणि गावकऱ्यांना राजपत्रातून पहिल्यांदा कळले तर विरोध होणे साहजिकच आहे. अनुसूचित क्षेत्रात, उदाहरणार्थ धारणी, चिखलदरा किंवा गडचिरोलीच्या बऱ्याच भागात, पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींच्या, कायद्यामुळे ग्रामसभेचे स्थान औपचारिकतेपलीकडचे आहे. सामूहिक वनहक्क मान्य झालेल्या गावात ते हक्क कोणत्या क्षेत्रावर आहेत याचा नकाशाही आधी पाहावा.

सर्वसाधारण ग्रामसभेची गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल ती आहे. ठरावाच्या प्रतीसोबत उपस्थितीची नोंद आणि सभेची नोटीस यांच्याही प्रती घ्याव्यात.

ठरावाची भाषा इथे फार महत्त्वाची आहे. बहुतेक फायलींत असा ठराव असतो: "श्री. अमुक यांना त्यांच्या शेतात उद्योग उभारण्यास ग्रामपंचायतीची हरकत नाही." त्याचा उपयोग नाही. त्याऐवजी पुढील बाबी येतील असा ठराव मागावा:

"मौजा ____, खसरा क्र. ____, क्षेत्र ____ हेक्टर आर या जमिनीवर ____ हा व्यवसाय प्रस्तावित असून त्याची माहिती व नकाशा सभेसमोर ठेवण्यात आला. येण्याजाण्यासाठी ____ रस्ता वापरला जाईल, पाणी ____ येथून घेतले जाईल आणि सांडपाण्याची व्यवस्था ____ अशी राहील. गावाची वहिवाट, पांदण व नाला मोकळा ठेवण्याच्या अटीवर ग्रामसभा या प्रस्तावास अनुकूल अभिप्राय देत आहे."

अटी घातल्या गेल्या म्हणून नाराज होऊ नये. अटी असलेला ठराव वाचणाऱ्या अधिकाऱ्याला चर्चा खरोखर झाली हे दिसते. सभेत विरोध झाला असेल तर तोही इतिवृत्तात येऊ द्यावा, कारण दडवलेली हरकत सुनावणीत अधिक जोराने पुढे येते.

## ६. प्रस्ताव तयार करणे

झोनबदल हा जमीनमालकाचा हक्क नाही. कलम २० असो की ३७, मालक फक्त विनंती करतो आणि शासन ती नियोजनाच्या दृष्टीने योग्य आहे का, हे पाहते. त्यामुळे "मी बेरोजगार आहे" किंवा "माझ्यावर कर्ज आहे" यांवर अर्ज उभा राहत नाही. ती अडचण खरी असली तरी तिच्यासाठी योजनेचा नकाशा बदलला जात नाही.

प्रस्तावात उत्तर द्यावयाचे प्रश्न असे आहेत: या व्यवसायासाठी हीच जागा का, जवळ आधीच अनुज्ञेय झोनमधील जमीन असताना तिथे का नाही, लगतच्या जमिनींचा वापर काय आहे, रस्ता हा भार पेलेल का, आणि शेजारच्या शेतीला काय बाधा येईल. चारही बाजूंनी शेती झोन असताना मधल्याच एका लहान खसऱ्याचा झोन बदलून मागणे ही सर्वात कमकुवत मागणी आहे. विद्यमान औद्योगिक किंवा रहिवासी झोनला लागून असलेले सलग क्षेत्र, शेजारच्या मालकांसह एकत्र मागितले तर प्रस्तावाला वजन येते.

फाइलमध्ये कागद या क्रमाने लावावेत:

१. अर्ज व प्रस्तावाचे टिपण, प्रत्येक पानावर अर्जदाराची सही.
२. तीन महिन्यांच्या आतील सातबारा, फेरफार, आणि वर्ग २ असल्यास रूपांतरणाचा आदेश.
३. मोजणीची क प्रत व गाव नकाशा.
४. झोन दाखला व भाग नकाशा, त्यावर प्रस्तावित क्षेत्र रंगवून.
५. लगतच्या खसऱ्यांचा सध्याचा वापर दाखवणारा नकाशा व छायाचित्रे.
६. रस्ता, सिंचन, वन आणि इतर संबंधित विभागांचे अभिप्राय.
७. ग्रामसभेचा ठराव, नोटीस व उपस्थितीच्या प्रतीसह.

प्रदूषण नियंत्रण मंडळाची स्थापनेसाठीची संमती ही पुढची पायरी आहे, पण आपला उद्योग मंडळाच्या लाल, नारिंगी, हिरवा, पांढरा अशा प्रदूषणानुसार केलेल्या वर्गांपैकी कोणत्या वर्गात मोडतो हे प्रस्तावातच लिहावे.

खबरदारी: आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का असलेली पोच घेतल्याशिवाय फाइल सोडून येऊ नये. त्रुटीपत्राला उत्तर देताना मूळ आवक क्रमांकाचा संदर्भ द्यावा, नाहीतर ते उत्तर नवीन अर्ज म्हणून वेगळ्या टेबलावर जाते.

## ७. छाननी, सूचना आणि सुनावणी

विकास योजनेच्या बाबतीत आधी नियोजन प्राधिकरणाने ठराव करावा लागतो. नंतर राजपत्रात सूचना निघते, एक महिन्याच्या आत हरकती व सूचना मागवल्या जातात, बाधित होणाऱ्यांना नोटीस दिली जाते, सुनावणी होते आणि प्रस्ताव मंजुरीसाठी शासनाकडे जातो. प्रादेशिक योजनेत सूचना शासनच काढते आणि नेमलेला अधिकारी, सामान्यतः विभागीय सहसंचालक, नगर रचना, हरकती ऐकून अहवाल देतो. विदर्भात ही कार्यालये नागपूर आणि अमरावतीला आहेत.

नियोजन प्राधिकरणाचा ठराव झाला की काम झाले असे समजून यंत्रांची मागणी नोंदवणे, ही या टप्प्यावरची नेहमीची चूक आहे. शासनाची अंतिम अधिसूचना निघेपर्यंत जमीन जुन्याच झोनमध्ये असते.

स्थळ पाहणीच्या दिवशी हद्दीचे दगड दिसतील असे मोकळे करून ठेवावेत आणि क प्रत सोबत ठेवावी. सुनावणीत बोलणे थोडके असावे. हरकतदाराने पांदण बंद होईल असे म्हटले, तर "त्याला आमच्याशी वैर आहे" हे उत्तर नव्हे. पांदणीची नकाशावरील रुंदी, ती मोकळी ठेवल्याचे दाखवणारा आराखडा आणि तसे लेखी हमीपत्र हे उत्तर आहे. आपले म्हणणे लेखी देऊन त्याचीही पोच घ्यावी.

ज्यांच्या शेताला बाधा होणार आहे, त्यांनीही याच मुदतीत लेखी हरकत द्यावी. मुदत राजपत्रातील सूचनेवरून मोजली जाते, गावात बातमी पोहोचली त्या दिवसापासून नाही.

## ८. अधिसूचनेनंतर

अंतिम अधिसूचना ओळीओळीने वाचावी. तीत अधिमूल्य (प्रीमियम) भरण्याची, रस्त्यासाठी जागा सोडण्याची किंवा ठरावीक वापरापुरताच झोन बदलण्याची अट असू शकते. अधिमूल्य वार्षिक मूल्यदर तक्त्यातील दराशी बांधलेले असल्यामुळे आर्थिक वर्ष बदलले की रक्कमही बदलू शकते.

यानंतर अकृषिक वापराचा विषय येतो. २०१४ पासून संहितेत ४२-अ ते ४२-ड ही कलमे येत गेली आणि अनेक ठिकाणी जुन्या पद्धतीच्या परवानगीऐवजी रूपांतरण कर व आकारणी भरण्याची पद्धत आली. म्हणून जुन्या फाइलची नक्कल न करता, आपल्या जमिनीला आज कोणती तरतूद लागू आहे हे तहसील कार्यालयाकडून लेखी घ्यावे. मग बांधकाम नकाशांची मंजुरी घ्यावी, आणि उद्योग असल्यास प्रदूषण मंडळाची संमती घ्यावी. बांधकाम परवानगी नाकारली गेल्यास नगररचना अधिनियमाच्या कलम ४७ खाली ४० दिवसांत शासनाकडे अपील करता येते, त्यामुळे आदेश मिळाल्याची तारीख लिहून ठेवावी.

वापर सुरू झाल्यावर पटवाऱ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, गाव नमुना २ मध्ये, म्हणजे अकृषिक जमिनींच्या नोंदवहीत, नोंद झाली का आणि सातबाऱ्यावर तिचा अंमल आला का, हे पाहावे. आकारणी फक्त बांधकामाखालील क्षेत्राची झाली आहे की संपूर्ण खसऱ्याची, हे आदेशाशी ताडावे. चूक असल्यास दुरुस्तीचा अर्ज पहिल्याच वर्षी करावा, कारण थकबाकीची नोटीस आल्यावर त्याच चुकीचा खुलासा करणे फार जड जाते.